तातूची बाव आणि माझी टाकी

तातू,

वाचनालयाचे मास्तर परवा माझ्या खळ्यात येऊन बसले. म्हणाले, तातूवर काहीतरी लिहून द्या, शनिवारी वाडीच्या बैठकीत वाचू. जन्म कुठला, शिकला किती, मुलंबाळं किती, सगळं घाला. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही घाला, मला जे घालायचं ते मी घालतो. मराठी दुसरीनंतर मी पाटी हातात धरली ती गिरणीतच, गिऱ्हाइकांची नावं लिहायला. तेव्हा हे जसं येईल तसं येईल.

तू गेलास त्याला आज नऊ दिवस झाले. मला रडू आलेलं नाही. तुझा मुलगा मुंबईहून आला आणि माझ्या गळ्यात पडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि त्याच्या सदऱ्याचं एक बटण काळं नि बाकीची पांढरी, एवढंच बघत होतो. तुला नेताना खांदा दिला. वजन लागलं नाही. जन्मभर चिरे काढलेस, त्याची धूळ छातीत बसली, तिने तुला आतून कोरलं, असं मालवणचा डॉक्टर म्हणाला होता. घरी आलो, आंघोळ केली, पेज जेवलो. दुसऱ्या दिवशी कट्टा गावाकडची माणसं भात घेऊन आली म्हणून गिरण चालू केली. इंजिन पुकपुकायला लागलं. मी बाजूला उभा राहिलो. कुणीतरी विचारलं, "शेटनू, बरां नाय काय?" मी म्हटलं, बरां आसा. खरंच बरा होतो. पायावर बसून बसून पायाला मुंग्या येतात आणि मग तो आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

नवी पोरं बैठकीला असतील, त्यांना सांगायला हवं. कट्ट्यापासून धामापूरपर्यंत ज्या विहिरी आहेत त्यातल्या निम्म्या तातूच्या पिकावाखालून गेल्यात. चिऱ्याचा दगड बोटाने टकटक करून हा सांगायचा, खाली पाणी किती हातांवर. पण त्याच्या स्वतःच्या घरची बाव मात्र त्याच्या बापाने खणलेली. वाडीतली आठ घरं तिचं पाणी प्यायची. त्या बावीच्या वरच्या अंगाला, मधे दगडांचा एक गडगा सोडून, माझी भात भरडायची गिरण. आणि गिरणीच्या मागे, जमिनीत पुरलेली, माझी टाकी.

टाकीची हौस तुला ठाऊक. पावसाळ्यात बंदर बंद, चार महिने इंजिनाला लागणारं क्रूड तेल येणार कुठून? डबे ठेवून बघितले, ते गळत, शिवाय आगीची भीती. म्हणून मी मुंबईहून लोखंडी टाकी मागवली. पडावातून मालवण बंदरात उतरली, दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून तिच्यावर चढवली. चार माणसं आत बसून पत्ते खेळतील एवढी. खड्डा तूच खणून दिलास. वर माती लोटताना म्हणालास, "भिक्या, चिऱ्याक चाळणीगत भोकां असतत रे. खाली चिकणमातीचो थर घाल." मी म्हटलं, "माझी टाकी विलायती आसा. चिकणमाती तुझ्या चुलीक घाल." सगळे हसले. तूही हसलास. थर घातला नाही.

गोवा मोकळा झाला त्या सालच्या उन्हाळ्यात लोकांच्या पेजेला वास यायला लागला. घासलेटासारखा. वाडीत कुजबूज झाली की भिकाजीशेटच्या गिरणीतल्या तांदळाला तेल लागतंय. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना खळ्यात बोलावलं, दोन चुली मांडल्या, दोन मडकी. तांदूळ एकच, माझ्या गिरणीतला. एका मडक्यात माझ्या वरच्या बावीचं पाणी, दुसऱ्यात तुझ्या बावीचं. माझी पेज चांगली. तुझ्या पाण्याची पेज तुझ्याच बायकोने, जानकीवहिनीने, तोंडाजवळ नेली आणि खाली ठेवली. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, बघा, तांदूळ नाय, पाणी! माझी गिरण सुटली. पाणी कशाने नासलं हा पुढचा प्रश्न मी विचारलाच नाही. तू विचारलास. सगळे गेल्यावर, हळूच.

"भिक्या, तुझी टाकी गळता काय रे?"

"तुझ्या तोंडाची गळती बघ आधी," मी म्हटलं.

मग वाडीने देवीला कौल लावायचं ठरवलं. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. गुरवाने पाषाणाला ओले तांदूळ लावले, सगळी वाडी हात जोडून, आणि मी मोठ्याने विचारलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बावीत कोणी वैऱ्यान मुद्दाम तेल ओतल्यान काय? ओतल्यान असात तर उजवो दी, नसात तर डावो दी." मागून सगळे, व्हय म्हाराजा. डावा दाणा पडला. कुणी ओतलं नाही. देवी खोटं बोलली नाही. तिला जेवढं विचारलं तेवढं तिने सांगितलं. देवळातून उतरताना तू माझ्याकडे एकदा बघितलंस. प्रश्न कुणी बांधला ते तुला कळलं होतं. पण भर वाडीत मानकऱ्याला अडवायचं तुझ्या रक्तात नव्हतं.

पुढे आपण केलं ते आपल्या रीतीचं. बाव बिघडली की उपसायची. दर वैशाखात उपसतोच. तीन दिवस आठ घरांनी कळशा ओढल्या, तळ दिसेपर्यंत. पाणी तुझ्या पोफळींच्या मुळात सोडलं, फुकट कशाला घालवा म्हणून. चौथ्या दिवशी नवं पाणी भरलं आणि पूर्वी मोरपिशी तवंग होता तिथे हाताला चिकटणारं तेल आलं. पोफळी पावसाआधीच सुकल्या. तू काठावर बसून होतास. म्हणालास, "आपण पाणी खेचलां. तेल तेच्या पाठसून इलां. म्हणजे तां लांब नाय." आम्ही सगळे देवाकडे बघत होतो तेव्हा तू दगडाकडे बघत होतास.

आता जे लिहितो ते तुला कधीच सांगितलं नाही.

उपसा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सगळी वाडी जेवून लवंडली होती तेव्हा मी टाकीचं झाकण उघडलं. माझी एक बांबूची काठी होती, सुरीने खुणा केलेली, तेल मोजायची. गिरण तेव्हा महिनाभर बंद होती. इंजिनाचा एक भाग दुरुस्तीला मालवणला गेला होता. गिरण बंद केली त्या दिवशी मी तेल मोजलं होतं. आता मोजलं. चार बोटं कमी. इंजिन फिरलं नव्हतं, थेंबभर तेल कुणी काढलं नव्हतं, आणि चार बोटं कमी. मी काठी पुसली. परत घातली. चार बोटंच. मग काठी मोडून चुलीत घातली आणि ओटीवर येऊन झोपलो. झोप लागली, तेही सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून तू खड्डे खणायला लागलास. बावीपासून वर, माझ्या गडग्याच्या दिशेने, पाच हातांवर एक. प्रत्येक खड्ड्यातला दगडाचा तुकडा नाकाला लावायचास, मग तांब्यात गरम पाणी घेऊन त्यात टाकायचास आणि वर तवंग येतो का ते बघायचास. आलेल्या खड्ड्याशी चुन्याची खूण. पोरं तुझी टिंगल करत, "तातूकाका वास काढीत चललो, कुत्रो जसो!" तू भुंकून दाखवलंस, पोरं पळाली. बाजूला गेलेल्या खड्ड्यांत काही नव्हतं. चुन्याच्या खुणांची एक वाकडी रेघ तयार झाली आणि ती माझ्या गडग्याला येऊन टेकली.

तू गडगा ओलांडला नाहीस. दारात येऊन विचारलंस, "येव काय पलीकडे?"

"नको," मी म्हटलं.

"भिक्या, एक म्हण. माझी टाकी गळता, एवढांच म्हण. मगे आपण दोघां मिळून काय ता करूया."

"जे नाय ता कसां म्हणू?"

तू गेलास. मी वाडीत दवंडी दिल्यासारखं सांगितलं, माझी बाव सगळ्यांना मोकळी. सात घरं माझ्याकडे पाण्याला यायला लागली. मला फार थोर वाटायचं. तुझं घर आलं नाही. तू सांगितलं होतंस, भिक्या म्हणत नाही तोवर त्याच्या बावीचं पाणी घरात यायचं नाही. जानकीवहिनी दोन कळशा घेऊन खाली व्हाळाच्या झऱ्यावर जायची आणि चढण चढून यायची. माझ्या दारावरूनच वाट. मी एकदा म्हटलं, "वहिनी, हयसर भरा, कित्याक उगाच?" ती थांबली नाही. "तेंका विचारा, भावजी," म्हणाली. मी बायकोला म्हटलं, माजलीत दोघंही.

मग तो दिवस. इंजिन दुरुस्त होऊन आलं होतं, गिरणीत गर्दी होती, दहा-बारा माणसं भात घेऊन ओटीवर. तू तांब्याभर पाणी घेऊन आलास. माझ्या समोर उभा राहिलास. आवाज चढवला नाहीस.

"भिकाजीशेट सांगतत टाकी बरी आसा. मगे माझ्या बावीचां पाणीय बरां असतलां. माझ्या बापाशीन खणलेली बाव ती. मी पितंय."

कुणीतरी हसलं, "तातू, दिवो लावशात पोटात!" तू प्यालास. सगळा तांब्या, न थांबता, माझ्याकडे बघत. गडग्यापाशी गेलास आणि ओकलास. वाकून, दोन्ही हात दगडावर. इंजिन चालूच होतं, कुणाला बंद करायचं सुचलं नाही. तू तोंड पुसून घरी गेलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या हाताने गडग्याचे दगड उतरवले, माणूस जाईल एवढी वाट केली आणि तुला निरोप धाडला. तू आलास तेव्हा म्हटलं, "तुझ्या समाधानासाठी काढूया टाकी. माझां काय एक जाता?" त्यावर तू पिकाव उचललास.

टाकी वर आली. खालचा सांधा गंजून सुटला होता. वरून नवीकोरी, खालून सडलेली. खालचा चिरा काळा, तेलकट, हाताने चुरला जाईल असा. मी म्हटलं, ती माती व्हाळात ढकलू. तू माझ्यावर ओरडलास, "आणि व्हाळ खंय जाता? लोकांच्या शेतात!" ती सगळी माती आठ दिवस टोपल्यांनी वर कातळावर नेली. पातळ पसरलीस, भोवती दगडांचा बांध घातलास, शेण आणि सुक्या पानांचा पातेरा मिसळलास, दर आठवड्याला फावड्याने खालीवर. पावसात वर माडाची झापं. मी म्हटलं, हे काय नवीन शेत? तू म्हणालास, "तुझ्या गिरणीच्या दारात तेल सांडता, तेच्यात गवताचो चुरो नि शेण पडता, उन्हात चार महिन्यांनी थंय वास येता काय? नाय. मगे हयसरय जातलो." ते मी रोज बघत होतो आणि मला कधी दिसलं नव्हतं.

बावीसाठी तू बावीच्या अलीकडे, माझ्या बाजूला, एक खड्डा खणलास, बावीपेक्षा हातभर खोल. रोज त्यातलं पाणी थोडं थोडं काढायचं, म्हणजे तेल बावीकडे न जाता खड्ड्यात येईल. घाई करायची नाही. घाई एकदा केली होती. आणि तेल टिपायला सावरीचा कापूस. "सावरीचो कापूस पाणी पिवचो नाय, तेल पिता," तू म्हणालास. कुणाला पटेना. तू उशी फाडून दाखवलंस, वहिनी चिडली. पण खरंच, पांढरी पुरचुंडी पाण्यावर तरंगत राहिली आणि काळी होऊन वर आली. मग वाडीतल्या बायकांनी सावरीची बोंडं गोळा केली, जुन्या लुगड्यांत बांधली. काळ्या झालेल्या पुरचुंड्या तू तुझ्या चिरेखाणीत नेऊन जाळायचास. मीही खड्ड्यावर यायचो. काम केलं मी, ते खोटं नाही. शेजारी शेजारी बसून आपण पुरचुंड्या बदलल्या. तू मधेच म्हणायचास, "म्हण रे." मी म्हणायचो, "काय म्हणाचां आता? टाकी काढून दिली मा?"

"टाकी काढलंस. म्हणालंस नाय."

एकदा रत्नागिरीहून सरकारी माणूस आला होता, दुसऱ्याच कामाला, त्याने विचारलं हा काय प्रकार. वाडीतले दहा जण उभे होते. मी गप्प. तू टोपी सारखी करून पुस्तकातल्यासारखं बोललास, "साहेब, खाली जांभा फाटला, त्यामुळे टाकी कलली आणि सांधा सुटला. यात कुणाचा दोष नाही." मला वाचवलंस. त्या दिवसापासून वाडीत तेच खरं झालं, जांभा फाटला. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. आणि तुझ्या घरी पाणी झऱ्यावरूनच जात राहिलं. दुनियेपुढे तू मला सोडलंस, घरात सोडलं नाहीस.

तीन उन्हाळे गेले. पहिल्या उन्हाळ्यात व्हाळातले चार मासे बावीत सोडलेस, ते दुसऱ्या दिवशी उलटे. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवडा जगले. तिसऱ्या उन्हाळ्यात जगले ते जगलेच, त्यांना पिल्लं झाली. कातळावरच्या मातीवर गवत आलं. तू बावीचं पहिलं पाणी प्यालास आणि मला विचारलंस, "पितलंस?" मी म्हटलं, तहान नाही. मला लाज वाटली असं मी आता लिहू शकतो. तेव्हा ती लाज आहे हे मला ठाऊक नव्हतं, राग आहे असं वाटायचं.

तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुझ्याकडे आलो होतो. सांगायलाच आलो होतो. तू उशांना टेकून बसला होतास, श्वास मोजून घेत. तुझा मुलगा यायचा होता, दोन पाहुणे बसले होते. मी बाजारात बांगडा कसा आला ते सांगितलं. तुझ्या पोफळी यंदा बऱ्या आहेत म्हटलं. तू माझ्याकडे बघत होतास. म्हणायची ताकद नव्हती, नाहीतर म्हणाला असतास. मी उठलो. दारात वळून बघितलं नाही.

काल मी जानकीवहिनीकडे गेलो. ती मागच्या पडवीत होती. गुडघे बांधलेले, आता तिला धड उभं राहता येत नाही. तिने मला कोरा चहा दिला. मी ओटीच्या काठावर बसलो आणि काठीचं सांगितलं. चार बोटं, दुपारची वेळ, चूल, सगळं. ती ऐकत होती.

"कधी?" तिने विचारलं.

"उपसो झालो, तेच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी पयली कळशी झऱ्यावरसून हाडलंय, तेच्या आधी."

"व्हय."

तिने गुडघ्याचं फडकं सोडून परत बांधलं. मग म्हणाली, "भावजी, तेंका वाटायचां तुमका आजून कळलां नाय. हे माका सांगीत, भिक्याक एकदा कळांदे, तो म्हणतलो. तीन वर्सां हेच सांगीत. मी तेवढ्यासाठी पाणी हाडलंय." आणि थोड्या वेळाने, "माका कित्याक सांगतास आता? ह्यां तेंका सांगूचां होतां."

तिने माझ्यापुढचा चहाचा कप उचलला आणि भिंतीला धरत धरत आत घेऊन गेली. मी प्यालो नव्हतो. परत बाहेर आली नाही. मी बराच वेळ बसलो, मग उठलो.

तातू, मास्तरांना मी सांगितलंय, यातलं एक अक्षर गाळायचं नाही. शनिवारी ते वाचतील तेव्हा मी पुढे बसलेला असेन, सगळ्यांना तोंड दिसेल असा. तुझा जन्म, तुझी मुलंबाळं मास्तर घालतील. मला घालायचं होतं ते हे. जांभा फाटला नव्हता. टाकी माझी गळत होती, आणि तू पहिला खड्डा खणलास त्याच्या आधीपासून मला ते ठाऊक होतं.